ओजसच्या शाळेतल्या बैठकीआधी

चि. सौ. मीनल हिस


अमेरिकेतल्या सरकारी शाळेत विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलासाठी बैठक भरते, तिच्यात मुलाचा ‘आयईपी’, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा, ठरतो. कोणत्या विषयाला किती मदत, ती कोण देणार, आठवड्यातून किती वेळ, कोणत्या वर्गात बसवून, हे सगळे त्या कागदात लिहिले जाते. तोंडी आश्वासन कितीही मनापासून दिलेले असले तरी वर्षाच्या मध्यात शिक्षिका बदलली की ते तिच्याबरोबर जाते. म्हणूनच फोनवर कळलेली गोष्ट मनातून जात नाही: शाळेतली माणसे चांगली आहेत, ती दाखवतील तिथे सही करून मोकळे व्हायचे, असे ओजसच्या घरी ठरले आहे म्हणे. माणसे चांगली असतीलच. पण चांगल्या माणसांनी घाईत लिहिलेला आराखडाही मुलाला वर्षभर वागवावा लागतो.

या बैठकीचा पाया 1975च्या केंद्रीय कायद्यात आहे. 1990पासून तो ‘आयडीईए’ या नावाने ओळखला जातो. या कायद्याने आईवडील आराखडा ठरवणाऱ्या समितीचे सभासद ठरतात, मुलाच्या वर्गशिक्षिकेइतकेच किंवा शाळेच्या मानसशास्त्रज्ञाइतकेच. महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात अशा मुलांना शिकवणाऱ्या कोणालाही याचे मोल चटकन कळेल. तेव्हा आया वर्गाच्या दाराशी उभ्या राहून ऐकत, मुलाला शाळेत बसू देतात यातच भरून पावत. तुमचे काय म्हणणे आहे, असे त्यांना विचारणारा कागद कुठल्याच शाळेत नव्हता. त्या आयांबद्दल मावशीला अजून हळहळ वाटते. मीनलसाठी, ओजसच्या आईसाठी, मात्र खुर्ची मांडलेली आहे.

तयारीची सुरुवात तपासणीच्या अहवालांपासून होते. ओजसच्या न्यू जर्सीत मूल विशेष शिक्षणाला पात्र आहे की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीच्या निदान 10 दिवस आधी हे अहवाल पालकांच्या हातात यायला हवेत. ते दोनदा वाचावेत. पहिल्या वाचनात आईला फक्त उणिवा दिसतात आणि डोळ्यांत पाणी येते. ते येऊ द्यावे. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्यावी. नववा पर्सेंटाइल म्हणजे शंभरापैकी नऊ गुण नव्हेत. त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण नऊ मुलांचे गुण त्याच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. जे समजले नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह करावे आणि बैठकीत न संकोचता विचारावे. निष्कर्ष पटले नाहीत तर शाळेच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी मागता येते.

घरात मराठी बोलली जाते हे तपासणाऱ्यांना स्पष्ट सांगावे. केवळ इंग्रजी कच्चे आहे म्हणून मुलाला विशेष शिक्षणात घालता येत नाही. उलट बाजूनेही कोणी सल्ला देईल की घरची मराठी बंद करा. तो मानू नये. दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे लांबत नाही, आणि आजीशी बोलायला ओजसला दुसरी भाषा नाही.

शाळेच्या अहवालांत जे कधीच येत नाही ते आईवडिलांनी एका पानावर लिहून न्यावे. मिक्सर सुरू झाला की ओजस कान दाबून बाल्कनीत पळतो, पण आधी सांगितले तर स्वतःच दार लावून घेतो. ट्रेनची स्टेशने त्याला क्रमाने पाठ आहेत. शर्टाची वरची गुंडी त्याला लागत नाही, खालच्या लागतात. अशा बारीक गोष्टींवरून शिक्षिकेला कुठून सुरुवात करायची ते कळते. ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’ या वाक्यावरून काहीच कळत नाही.

आराखड्यातली उद्दिष्टे सर्वांत काळजीपूर्वक पाहावीत. ‘ओजस वाचनात प्रगती करील’ हे उद्दिष्ट नव्हे, ती शुभेच्छा झाली. दुसरीच्या पातळीचा न वाचलेला उतारा वाचून त्यावरच्या पाचांपैकी चार प्रश्नांची उत्तरे तो जूनपर्यंत देईल, असे लिहिले तर जूनमध्ये ते तपासता येते. त्यासाठी आज तो कुठे आहे, हेही त्याच कागदात हवे. मदतीबाबत ‘गरजेनुसार’ हा शब्द दिसला की थांबावे आणि किती मिनिटे, आठवड्यातून किती वेळा, हे लिहून घ्यावे.

आणि पुन्हा सहीच. बैठकीच्या सुरुवातीला फिरणाऱ्या हजेरीपटावरची सही फक्त उपस्थितीची असते. ती खुशाल करावी. संमतीची सही वेगळी. पहिल्या आराखड्यातली मदत पालकांच्या लेखी संमतीशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे ‘घरी नेऊन वाचते’ असे म्हणण्यात कोणाचा अपमान नाही. नंतरच्या वर्षांची गोष्ट निराळी. न्यू जर्सीत तेव्हा गप्प राहणेच संमतीसारखे ठरते: लेखी सूचना मिळाल्यापासून 15 दिवसांत मध्यस्थी किंवा सुनावणी मागितली नाही, तर नवा आराखडा सहीविना लागू होऊ शकतो. वर्षातून एकदा तरी फेरआढावा होतोच, आणि शाळा व पालक दोघांनीही अनावश्यक ठरवली नाही तर दर 3 वर्षांनी नवी तपासणी. आज काही राहून गेले म्हणून सगळे हातचे गेले असे नाही. मधेच बैठक मागण्याचाही पालकांना हक्क आहे.

हे सारे वाचून मीनलला मावशी रागावली असे वाटेल. राग नाही, धास्ती आहे, आणि ती ओजसपेक्षा त्याच्या आईची जास्त आहे. सहा-सात जणांसमोर आपल्या लेकराच्या उणिवा ऐकणे कोणत्याही आईला जड जाते, आणि जड गेले की माणूस लवकर सही करून उठतो. त्यासाठी ओजसच्या बाबांनी त्या दिवशी रजा काढावीच. एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे. रडू आले तर पाच मिनिटे थांबायला सांगावे, शाळा थांबते. मुलाला जवळून ओळखणारे माणूस पालकांना सोबत आणता येते, आणि शाळेची तयारी असेल तर ते फोनवरूनही बसू शकते. बैठक एप्रिलमध्ये सकाळी 9 वाजता आहे. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. मीनलला हवे असेल तर मावशीचे नाव आधी शाळेला कळवावे. मावशी फोनजवळ बसलेली असेल.

मावशी