एलियाचा रथ आणि प्रभूचे स्वर्गारोहण



आपल्या मुळशीतून ताम्हिणी घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यात अलिबागजवळ खंडाळे नावाचे गाव आहे (बोरघाटातले खंडाळा नव्हे). तेथील एका खडकावर रथाच्या चाकांसारख्या खुणा आहेत. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी बांधव, या जागेला ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ म्हणतात. एलिया संदेष्टा येथून रथात बसून स्वर्गात गेला, अशी त्यांची परंपरा आहे. नवस फेडताना ते गोड पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा करून एलियाचे नाव घेतात.

कोणी विचारील, शास्त्राप्रमाणे एलिया यार्देन नदीपलीकडून वर गेला, मग हा खडक कोकणात कसा? पण लूर्द फ्रान्समध्ये असूनही आपण गावोगाव ग्रोटो बांधतोच ना! दूरदेशी आलेल्या लोकांना आपला संदेष्टा जवळ हवा असतो.

आता २ राजे, अध्याय २ उघडा. एलिया अलीशाला सांगतो, “मला नेताना तू पाहिलेस तर तुझी मागणी पुरी होईल.” अलीशा पाहतो, आणि वरून पडलेला एलियाचा झगा उचलून घेतो. यानंतर प्रेषितांची कृत्ये १:९ वाचा. प्रेषित पाहत असतानाच प्रभू वर घेतला जातो. लूक २४:४९ मध्ये प्रभू त्यांना वरून सामर्थ्य मिळण्याचे वचन देतो. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वस्त्र धारण करणे’ असा आहे. म्हणजे अलीशाला झगा मिळाला, प्रेषितांना पवित्र आत्मा! यालाच ख्रिस्तसभा पूर्वछाया म्हणते. महान संत ग्रेगरी यांनी स्वर्गारोहणाच्या प्रवचनात यातला फरकही दाखवला आहे: एलियाला रथाची मदत लागली, प्रभू मात्र स्वतःच्या सामर्थ्याने वर गेला.

इथे एक चूक आपल्याकडून सहज होते. ‘छाया’ म्हटले की जुना करार आपल्याला निव्वळ सावली वाटू लागतो, आणि यहुदी बांधव सावलीत चाचपडणारे वाटू लागतात. हे ख्रिस्तसभेचे शिक्षण नाही. जुन्या कराराला प्रकटीकरण म्हणून स्वतःचे मोल आहे, असे कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. १२९) सांगतो. २००१ साली पोपपीठाच्या बायबल आयोगाने तर यहुदी लोकांची मसीहाची वाट पाहणे व्यर्थ नाही, असे स्पष्ट लिहिले. खंडाळ्याच्या खडकापाशी हात जोडणारी बाई एलियाचीच आठवण करते. तिचा एलिया आधी नीट समजला, तरच आपल्याला त्याच्यात प्रभू दिसेल.

म्हणून या आठवड्यात घरच्या प्रार्थनेत २ राजे २:१-१५ आधी वाचावे, व त्या संध्याकाळी तेवढ्यावरच थांबावे. अलीशा आपली वस्त्रे का फाडतो, हे मुलांना विचारावे. प्रेषितांची कृत्ये १:१-११ दुसऱ्या दिवशी घ्यावे.