माहेरी जाऊन या, ताई

"चार महिने माहेरी जाऊन या, ताई. परत याल ते बाळ घेऊनच." कल्याण स्टेशनजवळच्या हॉटेलात समोर बसलेली बाई हे इतक्या सहज म्हणाली, की माझा चहा तसाच राहिला. जन्मदाखल्यावर आई म्हणून थेट माझं नाव, अर्ज नाही, रांग नाही. एकूण साडेतीन लाख. त्यातले चाळीस हजार आम्ही आधीच देऊन बसलो होतो. नवरा हिशेबाचा पक्का. पण सात वर्षं उपचारांत गेली, की पावती मागायचंही भान राहत नाही.

मी नाही म्हटलं ते कायद्याच्या धाकानं नव्हे. त्या खोट्या चार महिन्यांबद्दल पुढे मुलाला काय सांगायचं, तेच सुचेना. पैसे अर्थातच बुडाले.

कायदा नंतर कळला. मूल विकणाऱ्यालाच नाही, विकत घेणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आणि दलालांचं "आठवड्यात बाळ देतो" हे वाक्यच खोटेपणाचा पुरावा. जन्मदात्यांनी बाल कल्याण समितीकडे सोपवलेलं बाळ असेल, तर त्यांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. मग समिती ते दत्तकासाठी मुक्त ठरवते. त्याआधी ते कोणालाच देता येत नाही.

सरळ रस्ता 'कारा' या सरकारी दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरून जातो. डोंबिवलीतली 'जननी आशिष' असो की दुसरी कुठली नोंदणीकृत संस्था, मूल "ओळखीनं" मिळत नाही. क्रम पोर्टलच लावतं. आम्हीही तिथेच नोंदणी केली. गृहभेटीच्या आदल्या दिवशी मी पडदेसुद्धा धुतले होते. समाजसेविकेनं पडद्यांकडे पाहिलंही नाही. "दत्तक आहे हे मुलाला कधी सांगणार?" एवढंच तिनं तीनदा विचारलं.

रांग मोठी, आमची तीन वर्षं सात महिने. दलालाचं फावतं ते याच काळात. आणि एकदा मुलाची माहिती आली, की राखून ठेवायला मिळतात फक्त ४८ तास! फोन जवळ ठेवा, कागद तयार ठेवा.

सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पोर्टलवरून आलेल्या मुलासाठी कोणी नोटरीचा कागद पुढे केला, तर उठा.

आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा. आम्ही तेव्हा केला नाही. ती बाई पुढे कोणाकोणासमोर बसली असेल, कोण जाणे.