पिकअप घेत नाही? आधी टाकीचा तळ बघा

पावसाळ्यानंतर वॉटर स्पोर्ट्स पुन्हा सुरू झाले की तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर माझ्याकडे ठरलेली तक्रार येते: "जेट स्की चालू होते, पण पिकअप घेत नाही." गेल्या हंगामात असंच एक मशीन आलं. आयडलवर ठीक, पण थ्रॉटल दाबलं की मिसिंग करायचं. मालकाने नवे प्लग टाकले होते, बॅटरी बदलली होती, इंजेक्टरही मागवले होते. मधल्या काळात ते तसंच धंद्याला लावलं आणि पर्यटक मागे बसलेला असताना कर्ली नदीच्या मुखाशी बंद पडलं. ओहोटीला तिथलं पाणी समुद्राकडे ओढतं. दुसरी बोट जवळ होती म्हणून निभावलं. शंका असलेलं इंजिन घेऊन माणूस बसवायचा नाही, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

मी टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल काढून काचेच्या बाटलीत ठेवलं. थोड्याच वेळात दोन थर दिसले. पावसाळाभर तेच पेट्रोल टाकीत पडून होतं.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि बऱ्याच जेट स्कींच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने राहिली, किंवा झाकणाच्या सैल रबरातून पाणी शिरलं, की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात. फ्युएल पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजिनला आधी तेच मिळतं. वरून ताजं पेट्रोल ओतून हा थर जात नाही. टाकी पूर्ण उपसावी लागते, लाइन धुवावी लागते. हे काम उघड्यावर करा, सीट काढून आतली वाफ जाऊ द्या, आसपास विडी-काडी नको. हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवावी, हे माझं ठाम मत.

अर्थात प्रत्येक वेळी पेट्रोलच दोषी नसतं. इंजिन जोरात फिरतं आणि मशीन मात्र जागेवरच राहतं, तेव्हा इंजिनला हात लावू नका. मशीन बंद करून, सेफ्टी लॅनियार्ड काढून, खालची जाळी बघा. जाळ्याचा तुकडा, दोरी, प्लॅस्टिकची पिशवी, काहीही सापडतं. तिथे काही नसेल तर इम्पेलरची पाती आणि भोवतीची वेअर रिंग तपासा. उथळ पाण्यात थ्रॉटल मारलं की वाळू ती रिंग खाते. किमान 3 फूट पाणी असल्याशिवाय जोर देऊ नये. वाळूने इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट तुंबली तर इंजिन गरम होतं आणि स्वतःच वेग कमी करतं. तेही लोकांना पिकअपचाच दोष वाटतो.

आणखी एक गोष्ट पोरांना पुन्हापुन्हा सांगावी लागते. गोड्या पाण्याने फ्लश करताना आधी इंजिन चालू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर एक्झॉस्टमध्ये पाणी साचून थेट सिलिंडरपर्यंत जातं. पाणी दाबलं जात नाही, अशात स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. असा संशय आला तर सगळे प्लग काढा, इग्निशन तोडा आणि मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा.

डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र घरगुती उपाय नकोत. मशीन ट्रॉलीवर घ्या आणि जाणत्या मेकॅनिककडे न्या.