अळीइतकं तरी पाहून चालूया (दासबोध, दशक 12, समास 1)



आजचं चिंतन दासबोधाच्या बाराव्या दशकातल्या पहिल्या समासावर. नाव आहे ‘विमळ लक्षण’. अध्यात्माच्या ग्रंथात हा समास सुरू होतो तो थेट घरखर्चाच्या जवळून. समर्थ सांगतात, आधी प्रपंच नीट करा, मग परमार्थाचा विवेक धरा, आणि दोन्हीकडे आळस नको. प्रपंच टाकून परमार्थाला लागलात तर खायचे वांधे होतील, आणि परमार्थ टाकून नुसता प्रपंच केलात तर शेवटी दुःखच पदरी पडेल.

हा समास आज निवडायला कारण आहे. आमच्या शनिवारच्या वाचनाला येणारी बरीच मंडळी उलव्यातली, तिशीच्या आतबाहेरची. दोघं नोकरी करणारी, फ्लॅटचा हप्ता किंवा भाडं भरणारी, गावाकडे आईवडील असलेली. हल्ली वाचन संपलं की चहाला विषय एकच निघतो: पगार पुरत नाही. त्यातून दोन प्रश्न पुढे आले. पहिला, सतत पैशांचा हिशोब करणं म्हणजे देवावरचा विश्वास कमी असणं का? दुसरा, सगळं महाग झालं तर दानधर्म आणि घरी पाठवायचे पैसे आधी कमी करायचे का?

पहिला शब्द: पाहणं

या समासात समर्थ एका अळीचा दाखला देतात. अळी पुढचा आधार चाचपून पाहते आणि मगच मागचं अंग उचलते. एवढासा जीव, पण विवेकानं चालतो. आणि आपण माणसं असून भ्रमात चालतो, याला काय म्हणावं, असं ते विचारतात. आपली आजी हेच ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असं सांगायची. पण अंथरूण केवढं आहे हे आधी माहीत हवं ना!

पूर्वी पैसे डब्यात असायचे, डबा हलका झाला की हाताला कळायचं. यूपीआयला वजन नाही. म्हणून आता पाहायचं काम डोळ्यांना मुद्दाम लावावं लागतं.

उलव्याचंच उदाहरण घेऊ. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं 23 वरून 26 रुपये झालं. त्याच वर्षी 1 मे पासून अमूलचं दूध लिटरमागे 2 रुपयांनी वाढलं. रोज दीड लिटर दूध घेणाऱ्या घराला यानं महिन्याला 90 रुपये जास्त पडले. खारकोपर किंवा बामणडोंगरी स्टेशनला जाऊन येऊन किमान भाड्याच्या दोन रिक्षा, महिन्यात 25 दिवस, म्हणजे आणखी 150. दोन्ही मिळून 240 रुपये. या वाढीवर आपण घरात तावातावानं बोलतो.

आता दुसरीकडे पाहा. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला, तेव्हा कारला एकेरी 250 आणि जाऊन-येऊन 375 रुपये टोल ठरला. महिन्याला 22 दिवस कारनं मुंबईला गेलं तर नुसता टोलच 8,250 रुपये होतो, पेट्रोल आणि पार्किंग वेगळं. कुणाची गरज असेलही, लहान बाळ असेल, रात्रपाळी असेल. सेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण 240 वर भांडणं आणि 8,250 कडे न पाहणं याला समर्थ भ्रमच म्हणतील.

आणखी एक भ्रम बातम्यांमुळे होतो. ‘महागाई दर घटला’ असं वाचलं की घरात कुणीतरी विचारतं, मग आपला खर्च का नाही घटला? समजा 100 रुपयांचं सामान पहिल्या वर्षी 106 ला झालं आणि दुसऱ्या वर्षी 108 ला. दर 6 टक्क्यांवरून 2 टक्क्यांच्या आसपास आला, पण सामान स्वस्त झालं नाही, फक्त सावकाश महाग झालं. हे समजलं तर किराणा आणणाऱ्या माणसावर ‘तूच उधळपट्टी करतोस’ असा आरोप होत नाही. किती घरांतली कटकट एवढ्यानंच थांबेल!

दुसरा शब्द: चाळणा

समर्थ म्हणतात, अखंड चाळणा करावी. म्हणजे घडलेलं पुन्हा पुन्हा तपासून पाहावं, धान्य चाळावं तसं.

इथे नाथमहाराजांची गोष्ट आठवते. पैठणचे एकनाथ देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत होते आणि हिशोबाचं काम त्यांच्याकडे होतं. परंपरेनं आलेली कथा अशी, की एकदा एका पैचा हिशोब लागेना. रात्रभर बसून नाथांनी चूक शोधली आणि सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली. जनार्दनस्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीनं एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! हे चित्त परमेश्वराकडे लाव.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘हिशोब सोडा, देवाकडे वळा’ अशी सांगितली जाते. मला ती वेगळी दिसते. स्वामींनी त्या रात्री पाहिली ती नाथांची एकाग्रता. जो एका पैसाठी रात्रभर जागा राहू शकतो तोच अनुष्ठानालाही बसू शकतो. हिशोबात टंगळमंगळ करणारं मन जपात स्थिर होईल, हे कठीणच. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हिशोब ठेवणं म्हणजे अविश्वास नव्हे. देवानं दिलेलं नीट सांभाळणं हीसुद्धा सेवाच आहे.

चाळणीत काय काय राहतं, ते पाहू. एकादशीचंच घ्या. उपवासाचा दिवस साधा हवा, पण साबुदाणा, वेफर्स, फराळी मिसळ असं करत त्या दिवशी खर्च वाढतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ उगाच नाही म्हणत.

मग क्रेडिट कार्ड. किमान रक्कम भरून उरलेली पुढे ढकलली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकतं. वर्षाचे झाले 42 टक्के. एवढा परतावा कुठलीही बचत देत नाही. म्हणून हातात थोडे पैसे आले तर एसआयपी वाढवण्याआधी हे कर्ज मिटवा.

आणि घराचा हप्ता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. पुढे 2025 मध्ये तो उतरवत डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आणला. दर चढले तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि कर्जाची वर्षं मात्र गुपचूप वाढली. 40 लाखांच्या 20 वर्षांच्या कर्जाला 9 टक्क्यांनी हप्ता साधारण 36,000 बसतो, 7 टक्क्यांनी 31,000. फरक महिन्याला 5,000 चा. तुमच्या कर्जाला आज कोणता दर लागतोय आणि किती हप्ते उरलेत, हे बँकेच्या विवरणात पाहिलंय का? दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये बँकांना सांगितलं आहे. विचारायला लाजू नका.

तिसरा शब्द: दीर्घसूचना

पुढे काय येणार याचा आधीच अंदाज बांधून ठेवणं म्हणजे दीर्घसूचना. महिन्याचं बजेट कोलमडतं ते बहुतेक वेळा रोजच्या भाजीनं नाही, तर वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चानं. शाळेची फी जूनमध्ये येणार, गणपतीला गावी जायचं, दिवाळी, विम्याचा हप्ता, अकरा महिन्यांनी भाडेकरार संपणार. यातलं अचानक काहीच नाही, सगळं पंचांगासारखं ठरलेलं आहे.

समजा फी 60,000, विमा 24,000, सणवार आणि गावचा प्रवास 36,000. वर्षाचे झाले 1,20,000, म्हणजे महिन्याला 10,000. पगार आला की त्याच दिवशी एवढे वेगळ्या खात्यात टाकायचे आणि उरलेला तो आपला खरा पगार समजायचा. सुरुवातीला हा आकडा बघून धडकी भरते. पण जूनमध्ये कार्ड घासण्यापेक्षा जुलैपासून ही धडकी बरी. पूर्ण जमत नसेल तर निम्म्यानं सुरू करा. आणि हे आकडे दोघांनी मिळून लिहा. एकट्यानं केलेलं बजेट दुसऱ्याला हुकूम वाटतो.

मग दानाचं काय?

दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. खरी परीक्षा इथे आहे.

महागाईचं मोठं संकट तुकोबांनी भोगलं. 1630 च्या सुमाराला दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पण त्यातला एक बारकावा आपण विसरतो. परंपरा सांगते की त्यांनी आधी कागदांच्या वाटण्या केल्या. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हातात दिला आणि बुडवला तो फक्त आपला वाटा.

केवढी स्वच्छ नजर! त्यागाच्या क्षणीसुद्धा दुसऱ्याचं ते दुसऱ्याचंच राहिलं. म्हणजे दान करायचं ते आपल्या वाट्यातून. बँकेचा हप्ता थकवून, मुलाची फी अडकवून किंवा जोडीदाराला न सांगता केलेलं दान हे दुसऱ्याच्या वाट्याला हात घालणं आहे.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच खरी. स्वतःचं घर पोळलेलं असताना तुकोबांना आठवले ते आपले देणेकरी. दुष्काळ त्यांच्याही घरात होता, हे त्यांना दिसलं.

आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना दूध त्याच वाढीव भावानं मिळतं. रिक्षालाही त्यांना 26 रुपयेच पडतात, म्हणून त्या उन्हात चालत येतात. खर्च कमी करायला बसलो की त्यांचा पगार ‘या वर्षी नको वाढवूया’ हे वाक्य किती सहज निघतं! ओटीटीच्या तीन वर्गण्या त्याच कागदावर असताना. गावी आईला पाठवायच्या पैशांचंही तसंच. ती ‘नको रे, मला पुरतं’ म्हणते आणि आपण तिच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवतो.

म्हणून माझं उत्तर असं: कमी करायची वेळ आली तर आधी आपल्या सुखातून कमी करा, मग हौसेच्या दानातून, म्हणजे ज्याची पावती आणि फोटो मिळतो त्यातून. मावशींचा पगार आणि आईचे पैसे हे दान नाहीच, ते देणं आहे. ते हप्त्याच्या रांगेत लिहा. आणि खरोखरच काही उरत नसेल, नोकरी गेली असेल, आजारपण असेल, तर मनाला खाऊ नका. मूठभर धान्य, तासभर सेवा, कुणाच्या मुलाचा अभ्यास घेणं, हेही देवाच्या वहीत जमा होतं. अशा वेळी मदत मागणं हाही विवेकच आहे.

आजचा अभ्यास

1. हरिपाठ झाल्यावर दहा मिनिटं. गेल्या तीस दिवसांचे यूपीआयचे व्यवहार उघडा आणि नुसते पाहा. कुणाला दोष द्यायचा नाही.

2. वर्षातून एकदा येणारे खर्च एका कागदावर लिहा, बेरजेला बारानं भागा.

3. त्याच कागदावर आपण ज्यांचं देणं लागतो त्यांची नावं लिहा. मावशींना शेवटची वाढ कधी दिली, तो महिना नावापुढे लिहा.

तिसऱ्या ओळीत महिना आठवला नाही, तर या रविवारी त्यांच्याशी बोलून घ्या. पुढच्या वेळी याच दशकातला दुसरा समास घेऊ.

जय जय रघुवीर समर्थ!