आमची हैदराबाद बँक गेली कुठे?

प्रश्न : वडिलांच्या जुन्या पासबुकावर ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ असे नाव आहे. ती बँक बुडाली का?

उत्तर : नाही. 1 एप्रिल 2017 रोजी ती इतर चार सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँकेसह भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. ठेवी आणि कर्जे, सगळी जबाबदारी स्टेट बँकेकडे गेली. पासबुक घेऊन जवळच्या शाखेत जा.

मराठवाड्याला परिचित असलेली ही बँक निजामाच्या राजवटीत 1941 मध्ये स्थापन झाली. उस्मानिया सिक्का या संस्थानी चलनाचा कारभार तिच्याकडे होता. 1956 मध्ये ती रिझर्व्ह बँकेकडे आली आणि पुढे स्टेट बँकेची उपकंपनी झाली.

खुद्द स्टेट बँकही विलीनीकरणातूनच घडली. बंगाल, मुंबई आणि मद्रास या इलाख्यांच्या तीन बँका 1921 मध्ये एकत्र येऊन इम्पीरियल बँक झाली, तीच 1955 मध्ये स्टेट बँक. यातली मुंबईची कथा खरी रंजक. 1840 ची बँक ऑफ बॉम्बे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीत शेअर तारण ठेवून बेफाम कर्जे वाटत सुटली. युद्ध संपले, कापूस गडगडला आणि 1868 मध्ये बँकेला टाळे लागले. त्याच वर्षी तिच्या जागी नवी बँक उभी राहिली. विलीन झाली ती ही दुसरी!