सहलीचा शोध : एक पाठ



हल्ली सहलीचा मार्ग व वेळापत्रक संगणकाला विचारल्यास तो क्षणात आखून देतो. ही साधने कधी कधी चुकतात. म्हणून शाळेचे ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकाने ती प्रथम स्वतः पारखून पाहावीत.

सेवाग्राम आश्रमाच्या सहलीचेच उदाहरण घ्या. ‘सेवाग्राम’ एवढाच शब्द दिल्यास आश्रम, त्याच नावाचे रेल्वेस्थानक आणि मुंबई-नागपूर गाडी अशी तिन्ही उत्तरे संभवतात. स्थानक वर्धा शहरालगत आहे. आश्रम तेथून काही किलोमीटर दूर आहे. यंत्राने स्थानकालाच आश्रम मानले, तर लहान मुलांची उन्हात पायपीट होईल.

नावाचा हा घोटाळा नवा नव्हे. या गावाचे मूळ नाव सेगाव. त्याचे टपाल चुकून शेगावला जाई. म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले.

पाठ असा घ्यावा : मुलांकडून प्रश्न पूर्ण लिहून घ्यावा, त्यात स्थळ, गाव, तालुका व जिल्हा यावेत. मिळालेले उत्तर जिल्ह्याच्या नकाशावर तपासावे आणि गाडीची वेळ एस. टी. स्थानकावर विचारावी. त्यानंतरच पालकांस सूचना पाठवावी. आढळलेली चूक ग्रंथालयाच्या वहीत नोंदवावी. पुढील सहलीस ती उपयोगी पडेल.