घटक ४ : संकटकाळ आणि मानव्यविद्या – १८९६-९८ च्या प्लेगच्या साथीचा अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला,
● संकटकाळात मानव्यविद्या कोणते कार्य करतात, हे सोदाहरण सांगता येईल.
● १८९६-९८ च्या प्लेगच्या साथीत प्रशासन आणि लोक यांच्यातील विश्वास का ढासळला, हे स्पष्ट करता येईल.
● अफवा, साक्ष आणि पुरावा यांतील फरक ओळखता येईल.
● आपल्या परिसरातील संकटकाळाच्या आठवणींचे शिस्तबद्ध संकलन करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, दुष्काळ, भूकंप, महापूर किंवा साथीचा रोग असे संकट ओढवले की प्रथम आठवण होते ती डॉक्टरांची, अभियंत्यांची आणि प्रशासकांची. अन्न, औषध आणि निवारा या गरजा तातडीच्या असतात, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मग अशा वेळी भाषा, साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्या अभ्यासाचा उपयोग काय? नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून मराठीची पदवी घेऊ पाहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न कोणी ना कोणी विचारलाही असेल.

सर्वसाधारण विधाने करून या प्रश्नाचे उत्तर देता येईल. परंतु एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे ते शोधणे अधिक उचित ठरेल. त्यासाठी या घटकात आपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई आणि पुणे येथे आलेल्या प्लेगच्या साथीचा विचार करणार आहोत. त्या काळात औषधोपचारांची उणीव तर होतीच. पण माणसे एकमेकांना समजून घेऊ शकली नाहीत, हीदेखील त्या आपत्तीची एक मोठी बाजू होती.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ साथीची पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी या गोदीलगतच्या दाट वस्तीत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्यातील डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत साथ शहरभर पसरली आणि लाखो लोक मुंबई सोडून गेले. जाणाऱ्यांबरोबर रोगही इतर गावांत पोहोचला. काखेत किंवा जांघेत गाठ येते, म्हणून लोक त्याला गाठीचा ताप म्हणत.

प्लेगच्या जंतूचा शोध १८९४ मध्ये हाँगकाँग येथे लागला होता. परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे तो माणसाला होतो, हे त्या वेळी ठाऊक नव्हते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने तसे मत मांडले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. त्यामुळे १८९७ मध्ये सरकारचा सारा भर घरे धुणे, जमिनी उकरणे, सामान जाळणे आणि रुग्णांना वेगळे काढणे यांवर होता. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण लसीकरणाचा प्रसार होण्यास अवधी होता.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. घरांची झडती, प्रवाशांची तपासणी, सक्तीचे विलगीकरण असे व्यापक अधिकार त्यामुळे प्रशासनाला मिळाले. हाच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रात लागू करण्यात आला होता. म्हणजे आपण अभ्यासत असलेला विषय वाटतो तितका जुना नाही.

४.२.२ भाषा : आदेश आणि संवाद

मुंबई महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे ठरवताच शहरात घबराट पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या नियंत्रणाखाली मार्च १८९७ पासून गोऱ्या सैनिकांकरवी घरांच्या झडत्या सुरू झाल्या. लोकांच्या भावना दुखावू नयेत अशा सूचना सैनिकांना दिल्याचे सरकारी बाजूने सांगण्यात आले. तथापि, ज्यांना मराठी येत नाही अशी शस्त्रधारी माणसे स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरतात, स्त्रियांना तपासणीसाठी घराबाहेर उभे करतात, हा अनुभव त्या सूचनांपेक्षा बलवत्तर ठरला.

येथे आदेश आणि संवाद यांतील फरक लक्षात घ्यावा. आदेशात काय करावे एवढेच सांगितलेले असते. संवादात ते का करावे, कोणी करावे आणि ऐकणाऱ्याला त्यात कशाची भीती वाटते, याचाही विचार असतो. ‘रुग्णालय’ या शब्दाचा अधिकाऱ्याच्या दृष्टीने अर्थ उपचार आणि अलगीकरण असा होता. घरच्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन न होणे, त्याच्या तोंडी परक्या हातचे अन्नपाणी पडणे आणि अंत्यविधी यथासांग न होणे असा होता. शब्द एक, अर्थ दोन. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले आणि मृत्यूची खबर देईनासे झाले. साथ रोखण्यासाठी योजलेल्या उपायानेच साथ दृष्टिआड झाली.

याउलट, मुंबईत निरनिराळ्या जातिधर्मांच्या पुढाऱ्यांनी आपापल्या समाजासाठी रुग्णालये काढली, तेव्हा तेथे जाण्यास लोक तुलनेने राजी झाले. शुश्रूषा करणारी माणसे ओळखीची होती, भाषा आपली होती, घरच्यांना भेटता येत होते. मात्र या व्यवस्थेने जातीची विभागणीही तशीच राखली, हे विसरून चालणार नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळल्यानंतर सरकारने सक्तीचे धोरण हळूहळू सैल केले आणि लोकांच्या सहकार्यावर अधिक भर दिला.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) पुण्यातील झडत्यांविषयी लोकांमध्ये असंतोष का निर्माण झाला?
आ) ‘रुग्णालय’ या शब्दाचे दोन भिन्न अर्थ कोणते होते?

४.२.३ इतिहास : अफवा, साक्ष आणि पुरावा

रुग्णालयात नेलेल्या माणसाला तेथे मारून टाकतात, अशी अफवा त्या काळी मुंबईत पसरली होती. ‘अडाणी लोकांचा समज’ म्हणून ती बाजूला सारणे सोपे आहे. इतिहासाचा अभ्यासक मात्र तिच्यातून दोन गोष्टी वेगळ्या काढतो. पहिली, अफवेतील विधान खोटे होते. दुसरी, तिच्यामागील अनुभव खरा होता : रुग्णालयात गेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नव्हते, कारण पुष्कळदा त्यांना अगदी अखेरच्या अवस्थेत तेथे नेले जात होते. विधानाचे खंडन करावे लागते. अनुभवाची दखल घ्यावी लागते. दखल न घेता केलेले खंडन लोकांना पटत नाही.

साक्षीचा प्रश्न याहून अवघड आहे. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये एका आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून मित्रांनी पाठवलेल्या पत्रांच्या आधारे, सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी तेथे जाहीरपणे केला. परत आल्यावर मात्र त्यांना त्यासाठी पुरावा मिळवता आला नाही आणि त्यांनी जाहीर क्षमायाचना केली. ती अनेकांना रुचली नाही आणि त्यांच्यावर बरीच टीका झाली.

या प्रसंगातून दोन निष्कर्ष निघतात आणि ते दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागतात. जाहीर आरोपाला पुरावा हवा, हा पहिला. पुरावा समोर आला नाही म्हणजे अन्याय झालाच नाही असे सिद्ध होत नाही, हा दुसरा. बदनामीचे भय असलेल्या समाजात अशा विषयावर साक्ष देण्यास कोणती स्त्री, कोणते कुटुंब पुढे आले असते? साक्षीदार गप्प का आहे, हाही इतिहासाचा प्रश्न आहे. याच वर्षी पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची होणारी आबाळ पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्राला पत्र लिहून उघड केली. सरकारने त्यांचे म्हणणे नाकारले, तरी लिखित स्वरूपात ते नोंदले गेले.

जेथे तक्रार ऐकली जात नाही तेथे संताप अन्य वाटा शोधतो. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. या हल्ल्यात लेफ्टनंट आयर्स्ट हेही मारले गेले. त्यानंतर ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. साथीचा प्रश्न आता आरोग्याचा राहिला नव्हता.

४.२.४ साहित्य आणि नीतिविचार : दुसऱ्याचे दुःख

सावित्रीबाई फुले या अध्यापिका होत्या आणि कवयित्रीही. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेगच्या काळात त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. तेथे रुग्णांची सेवा करीत असताना सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. येथे वैद्यकीय ज्ञान पुत्राकडे होते. तथापि ज्याला कोणी शिवण्यास तयार नाही त्याच्याजवळ जाण्याचे बळ त्या ज्ञानातून आपोआप येत नाही. अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलामुलींना शिकवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांची ती कृती दीर्घ नैतिक संस्कारातून आली होती.

साहित्य हा संस्कार अन्य मार्गाने घडवते. सरकारी अहवालांत मृतांचा आकडा असतो. घरात काय घडले ते नसते. ही उणीव आत्मचरित्रे, पत्रे आणि आठवणी भरून काढतात. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’त प्लेगच्या दिवसांचीही चित्रणे आहेत. असे लेखन वाचताना पुढील प्रश्न मनाशी ठेवावेत : कोण बोलते आहे? कोणाविषयी बोलते आहे? कोणाचा आवाज येथे मुळीच ऐकू येत नाही? प्लेगविषयी लिहिणाऱ्यांत शिक्षित वर्गातील माणसे अधिक आहेत; मांडवीतील हमालाने किंवा गिरणीतील कामगाराने लिहिलेल्या आठवणी आपल्यापर्यंत क्वचितच आल्या आहेत.

४.२.५ मानव्यविद्यांच्या मर्यादा

प्लेग कवितेने आटोक्यात आला नाही. लस, उंदीर-पिसवांविषयीचे ज्ञान, सुधारलेली घरे आणि पुढे निघालेली औषधे यांनी तो आटोक्यात आला. तसेच शब्दांचे सामर्थ्य दुधारी असते : ज्या भाषेने धीर देता येतो तिनेच द्वेषही पेटवता येतो. म्हणून मानव्यविद्या विज्ञानाची जागा घेऊ शकत नाहीत. विज्ञानाने सुचवलेला उपाय माणसांना माणूस म्हणून वागवून अमलात कसा आणावा, याचे भान देणे, हे त्यांचे कार्य आहे. हे भान नसले तर योग्य उपायही निष्फळ ठरतो, ही १८९७ ची शिकवण आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) अफवेचा अभ्यास करताना कोणत्या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात?
आ) गोखले यांच्या प्रसंगातून कोणते दोन निष्कर्ष निघतात?

४.३ सारांश

प्लेगच्या साथीत प्रशासनाकडे कायदा होता, मनुष्यबळ होते आणि हेतूही साथ रोखण्याचा होता. तरीही सक्ती, परकी भाषा आणि लोकांच्या भीतीविषयीची अनास्था यांमुळे विश्वास ढासळला. भाषेचा अभ्यास आपल्याला ऐकणाऱ्याच्या बाजूने अर्थ पाहण्यास शिकवतो. इतिहास साक्ष तोलण्यास आणि मौनाचे कारण शोधण्यास शिकवतो. साहित्य आकड्यांमागचे माणूस दाखवते, तर नीतिविचार साधनांच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न उपस्थित करतो. संकट येण्यापूर्वीच ही कौशल्ये समाजात रुजलेली असावी लागतात. ऐन वेळी ती उसनी आणता येत नाहीत.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) मराठी न येणाऱ्या सैनिकांचा घरात, देवघरात प्रवेश आणि स्त्रियांची घराबाहेर तपासणी यांमुळे. आ) अधिकाऱ्यांच्या दृष्टीने उपचार व अलगीकरण, कुटुंबीयांच्या दृष्टीने ताटातूट आणि अंत्यविधीला मुकणे.
प्रश्न २ : अ) अफवेतील विधान आणि त्यामागील अनुभव. आ) जाहीर आरोपाला पुरावा हवा, मात्र पुराव्याचा अभाव म्हणजे अन्यायाचा अभाव नव्हे.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘प्लेगच्या साथीत लोकांचा विरोध उपचारांना होता की उपचारांच्या पद्धतीला?’ साधार चर्चा करा.
२) संकटकाळाच्या इतिहासाचे साधन म्हणून आत्मचरित्राचे महत्त्व आणि मर्यादा स्पष्ट करा.

४.६ क्षेत्रीय कार्य

२०२०-२१ मधील कोरोना साथीच्या आठवणी आपल्या गावातील किंवा वस्तीतील तीन व्यक्तींकडून नोंदवून घ्या. एक आशा सेविका किंवा परिचारिका, एक रोजंदारीवर काम करणारी व्यक्ती आणि घरातील माणूस गमावलेली एक व्यक्ती अशी निवड करता येईल. प्रथम त्यांची संमती घ्या. त्यांचे शब्द शक्यतो त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. नको असल्यास नाव नोंदवू नका. प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकीव यांची नोंद वेगवेगळी ठेवा. लिहून झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करा. बोलता बोलता कोणी थांबले, तर पुढचा प्रश्न विचारण्याची घाई करू नका.